परांचीवर चढणाऱ्या बायांच्या हाती थापी द्या

प्रति,
श्री मौनी विद्यापीठाचे विश्वस्त मंडळ,
तसेच इन्स्टिट्यूट ऑफ सिव्हिल अँड रूरल इंजिनिअरिंगचे प्राचार्य आणि अध्यापकवर्ग,
गारगोटी, ता. भुदरगड, जि. कोल्हापूर



भुदरगड तालुक्यात बांधकामावर बिगारी म्हणून राबणाऱ्या बायांसाठी आपण गवंडीकामाचा नियमित वर्ग चालवावा, आणि त्या वर्गातून तयार होणाऱ्या बायांकडे तालुक्यातल्या घरकुलांची कामे यावीत म्हणून आपला शब्द टाकावा, ही विनंती करायला हे पत्र लिहीत आहे. आपल्याकडे येऊन चार भिंतींत बोलता आले असते. पण ही मागणी माझ्या एकटीची नाही आणि तिचे उत्तर गावासमोर यावे असे वाटते, म्हणून उघडपणे लिहिते.

मी शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया बांधकामावर जातात. पालकसभेला त्या येतात तेव्हा हाताच्या भेगांत सिमेंट असते. त्यांच्याशी बोलत, त्यांची कामे बघत जे समजले, त्याच्या आधारावर हे लिहिते आहे.

स्लॅबचा दिवस आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. सकाळी मिक्सर सुरू झाला की बायांची रांग लागते. घमेले भरायचे, डोक्यावर घ्यायचे, परांचीवरून वर जायचे, रिकामे घेऊन उतरायचे. दिवस मावळेपर्यंत रांग तुटू द्यायची नाही, कारण काम मध्येच थांबले तर तिथे जोड राहतो आणि पुढच्या पावसात पाणी नेमके तिथूनच गळते. हे त्या बायांना पक्के ठाऊक असते. स्लॅब पडला की दुसऱ्या दिवसापासून त्यावर पाणी मारायचे काम त्यांचेच. काँक्रीटची ताकद बऱ्याच अंशी या पाण्यावर ठरते हे आपण पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना शिकवता. बाजारात मिळणारी बहुतेक पोती पीपीसी सिमेंटची असतात, आणि त्या सिमेंटला दहा दिवस तरी ओलावा लागतो. त्या दहा दिवसांत इमारतीचे आयुष्य वाढवणारी किंवा घटवणारी व्यक्ती म्हणजे हातात पाण्याचा पाईप धरलेली बाई. तरीही हजेरीच्या वहीत तिचे नाव सगळ्यात खाली आणि मजुरीही सगळ्यात कमी. मी पाहिलेल्या कामांवर गवंड्याला जे मिळते, त्याच्या निम्म्याच्या आसपास तिच्या हाती पडते. वीस-वीस वर्षे काम केलेल्या बाया आजही बिगारीच आहेत. त्यांच्या हाताखालून गेलेली कोवळी पोरे मात्र चार-पाच वर्षांत गवंडी होऊन त्यांना हुकूम सोडतात.

बाईला उंचीवर कसे चढवायचे, साडी अडकेल, तोल जाईल, असे मला पुष्कळांनी ऐकवले आहे. ती रोजच चढते. डोक्यावर ओझे घेऊन चढते. त्या ओझ्याऐवजी तिच्या हातात थापी आणि ओळंबा असेल, तर तोल सांभाळणे सोपेच जाईल.

एकदा आमच्या शाळेच्या भिंतीचे काम चालू होते. माल कालवणारी एक बाई मला हळूच म्हणाली, "बाई, ह्यो माल लई पातळ झालाय. वाळल्यावर तडकंल बघा." गवंड्याला तिने ते सांगितले नव्हते. सांगून काय होणार, असे तिचे म्हणणे. दिवाळीपर्यंत गिलाव्याला बारीक तडे गेले होते. पाणी किती घालायचे हे तिच्या हाताला कळत होते, आणि तो निर्णय घ्यायचा अधिकार तिला नव्हता. माझ्या मागणीचे मूळ तिथे आहे.

आपल्याकडेच हे मागायला येण्याचे कारण आपल्या संस्थेच्या स्थापनेत आहे. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांनी गारगोटीत मौनी विद्यापीठ उभे केले ते खेड्यातले शिक्षण खेड्याच्या कामाशी जोडण्यासाठी. पुढे तेच कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले, आणि त्या आयोगाच्या १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह होता. त्यांच्या सहधर्मचारिणी चित्रा नाईक यांनी शाळेच्या वेळापत्रकात न बसणाऱ्या मुलामुलींसाठी अनौपचारिक शिक्षणाचे काम आयुष्यभर केले. स्थापत्य शिक्षणाला 'ग्रामीण' हा शब्द जोडलेल्या संस्था फार नाहीत. त्यातली एक आपल्या गावात आहे. तिच्या भिंतीपलीकडच्या रस्त्यावरून रोज सकाळी डबा घेऊन कामावर निघालेल्या बाया जातात. त्यांच्यासाठी आपण आजवर जे केले असेल ते आणखी वाढवा, इतकेच माझे म्हणणे आहे.

बांधकामात स्त्रियांनी पुढे होऊन काम करणे महाराष्ट्राला नवीन नाही. शकुंतला भगत यांनी १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्यांचे वडील एस. बी. जोशी हे नावाजलेले पूलबांधणी करणारे अभियंते होते, त्यामुळे नकाशे आणि तुळया त्यांनी लहानपणापासून पाहिल्या. पती अनिरुद्ध भगत यांच्यासोबत त्यांनी 'क्वाड्रिकॉन' ही कंपनी काढली आणि पोलादी पुलांची एक नवी पद्धत बसवली. ठरावीक मापाचे सुटे भाग कारखान्यात करायचे, डोंगराळ रस्त्यावरून नेता येतील असे ठेवायचे आणि जागेवर जोडायचे. १९७२ साली हिमाचल प्रदेशातल्या स्पितीमध्ये त्यांचे पहिले दोन लहान पूल चार महिन्यांत उभे राहिले. पुढच्या सहा-सात वर्षांत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत त्यांचे साठच्या वर पूल झाले. २०१२ साली त्या गेल्या. आपल्या शाळा-कॉलेजांच्या भिंतींवर जी थोरांची चित्रे लागतात त्यांत त्यांचे चित्र मी कुठे पाहिलेले नाही. अलीकडे, ६ जून २०२५ रोजी चिनाब नदीवरचा रेल्वेपूल सुरू झाला तेव्हा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापक जी. माधवी लता यांचे नाव घरोघरी पोचले. ज्या उतारावर तो पूल टेकला आहे त्याच्या खडकाचा अभ्यास त्या सतरा वर्षे करत होत्या. हे मुलींना सांगितले पाहिजे आणि मी वर्गात सांगतेही. पण शकुंतलाबाईंच्या घरात नकाशाचे टेबल होते, माधवी लतांच्या मागे विद्यापीठे होती. माझ्यासमोर बसलेल्या मुलीच्या आईकडे यातले काही नाही. म्हणून मला तिच्यासारख्याच बायांचे उदाहरण हवे होते, आणि ते मराठवाड्यात सापडले.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून माणसे थकून झोपलेली. पहाटे चार वाजायच्या आत किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, बहुतेक सगळी स्वतःच्या घराखाली. तिथली घरे दगडी होती. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती बाहेरून भक्कम दिसायच्या. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या भिंती असायच्या, एक बाहेरची, एक आतली, आणि मधली पोकळी माती-खडीने भरलेली. दोन्हींना आरपार धरून ठेवणारा आडवा दगड कुठेच नाही. वर माळवद, म्हणजे लाकडी खणांवर टाकलेला मातीचा जाड थर. दर वर्षी गळती थांबवायला त्यावर आणखी माती. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन पापुद्रे सुटून दोन दिशांना कोसळले आणि वरची माती खाली आली. काही ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा राहिला आणि सभोवतालच्या भिंती ढिगारा होऊन पडल्या.

सगळ्यात जास्त उद्ध्वस्त झालेली ५२ गावे दुसऱ्या जागी नव्याने वसवली गेली. ती कहाणी सगळ्यांना माहीत आहे. मला दुसरी सांगायची आहे. जिथे घरे पडली नव्हती पण तडकली होती, अशा सुमारे तेराशे गावांत जवळजवळ दोन लाख घरे दुरुस्त आणि मजबूत करायची होती. जागतिक बँकेच्या मदतीने शासनाने ते काम काढले. पैसे आणि साहित्य घरमालकाला हप्त्याहप्त्याने मिळणार आणि काम त्याने स्वतः करून घ्यायचे. पण कुठला दगड काढायचा, कुठे पट्टा घालायचा हे त्याला सांगणार कोण? कनिष्ठ अभियंते थोडे, गावे फार. शासनाने लोकसहभागाची जबाबदारी 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेला दिली. प्रेमा गोपालन तिच्या संस्थापक. त्यांनी गावागावांतल्या महिला मंडळांना हाताशी धरले आणि गावातल्याच बायांमधून संवाद सहायक नेमल्या गेल्या. अभियंता आणि घर यांच्यामध्ये या बाया उभ्या राहिल्या.

त्या काय शिकल्या ते पाहा. भिंतीत ठरावीक अंतरावर भोक पाडून आरपार आडवा बांध कसा घालायचा. कोपरे कसे बांधायचे. दारा-खिडक्यांच्या वरून घराला चहूबाजूंनी पट्टा कसा घ्यायचा. खांब आणि तुळई यांच्या काटकोनात तिरका टेकू कसा द्यायचा. माळवदावरची माती किती उतरवायची. हे शिकून त्या घरोघर गेल्या, शेजारणीला समजावले, गवंड्याला जाब विचारला, निकृष्ट सिमेंट परत पाठवले, राहिलेल्या हप्त्यासाठी कचेरीत बसल्या. ज्या गावांत बायका पुरुषांसमोर पदर सावरून गप्प बसायच्या त्या गावांत त्या चावडीवर उभ्या राहून घराच्या कोपऱ्यावर बोलू लागल्या. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बाया तिकडे गेल्या आणि मोडलेल्या घरांसमोर बसलेल्या गुजराती बायकांना आपले अनुभव सांगितले. त्सुनामीनंतर त्या तमिळनाडूतही पोचल्या. भाषा वेगळी होती. पण पडलेली भिंत का पडली हे सांगायला भाषेवाचून त्यांचे फारसे अडले नसणार.

प्रेमाताई २०२२ साली गेल्या. लातूरच्या त्या बायांपैकी कोणी अभियांत्रिकी शिकलेली नव्हती. तरी त्यांनी जे केले त्याला मी नेतृत्व म्हणते, कारण घर सुरक्षित आहे की नाही याचा निर्णय त्यांच्या शब्दाने होऊ लागला होता. आपल्याकडे तर शिकवणारे अध्यापक आहेत, प्रयोगशाळा आहे. भूकंपाची वाट न पाहता हे आपल्याला करता येईल.

किल्लारीचा आणखी एक धडा आपल्या तालुक्याला थेट लागू आहे. भूकंपानंतर लोकांनी दगडाचीच धास्ती घेतली. दगडाचे घर नको, स्लॅबचे हवे, असे सगळीकडे झाले. खरे तर बांध न घालता रचलेला दगड घातक होता. नीट सांधलेली दगडी भिंत तशी पडत नाही. आपल्याकडे २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये जो पाऊस आणि पूर झाला, त्यानंतर मातीच्या घरांचे तसेच झाले. भिंती भिजून बसल्या, आणि माती म्हणजे धोका असा समज घट्ट झाला. पण पडलेल्या घरांकडे नीट पाहिले तर बहुतेकांचे जोते हातभरही उंच नसते, दगडी बांधकाम जमिनीलगतच संपलेले असते, वळचणीचे पत्रे आखूड असतात आणि पागोळ्यांचे पाणी थेट भिंतीच्या पायात मुरते. त्याच गल्लीत उंच दगडी जोत्यावर, रुंद वळचणीखाली साठ-सत्तर वर्षांची मातीची घरे उभी असतात. माती भिजू द्यायची नाही, हे ज्याने पाळले त्याचे घर टिकले.

ते घर टिकवणारे हात कोणाचे होते हेही बघायला हवे. आपल्या भागात पांढऱ्या मातीचा गिलावा, शेणाचे सारवण, पावसाळ्याआधी भिंतीच्या कुशीला लिंपण, दिवाळीआधी पुन्हा एक हात, ही सगळी बायांची कामे. कुठल्या ओढ्याकाठची माती चिकट, कुठली भेगाळते, भुस्सा किती घालायचा, माती किती दिवस कुजू द्यायची, हे ज्ञान सासूकडून सुनेकडे येत राहिले. घराची डागडुजी बाईच्या हातात होती, तोवर घराबद्दलचा बराचसा निर्णयही तिच्या हातात होता. सिमेंटचे घर आल्यावर तिचे कष्ट वाचले, आणि मी त्याचा आनंदच मानते. पण त्याबरोबर तिचे ज्ञान बिनकामाचे ठरले. आता भिंतीला ओल आली की ठेकेदाराला बोलवायचे आणि तो सांगेल तेवढे पैसे मोजायचे.

यापुढच्या काळात ते ज्ञान लागणार आहे. जगभरात माणसे जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंट उद्योगातून येतो. चुनखडी चौदाशे अंशांच्या वर भाजावी लागते. इंधनाचा धूर वेगळा आणि चुनखडीच्या पोटातून सुटणारा वायू वेगळा, आणि या दुसऱ्याचाच वाटा मोठा. यावर तोड शोधणाऱ्यांमध्ये एक स्त्री आघाडीवर आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या संशोधक कॅरेन स्क्रिव्हनर. त्यांनी आणि आपल्या आयआयटीमधल्या संशोधकांनी मिळून असे सिमेंट पुढे आणले ज्यात क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून होणारे खडे, निम्माच असतो आणि उरलेल्यात भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी. त्यामुळे कार्बन चाळीस टक्क्यांपर्यंत कमी होतो. मला यात सगळ्यात मोलाचे वाटते ते हे की प्रयोगशाळाही शेवटी मातीपाशीच आली.

डिग्रीवाचून मातीचेच काम केलेली एक बाई आपल्याला परकी नाही. डेलिया किन्झिंगर ही अमेरिकेत जन्मलेली मुलगी गुजराती अभियंत्याशी लग्न करून भारतात आली, नाशिकच्या एकत्र कुटुंबात सून म्हणून राहिली, मग मुंबईत. पुढे हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात जाऊन तिने माती, बांबू, नदीतले गोटे आणि पाटीचा दगड यांची घरे बांधली. लोक तिला दीदी कॉन्ट्रॅक्टर म्हणत. वास्तुशास्त्राची पदवी तिच्याकडे नव्हती. २०१९ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तिला नारी शक्ती पुरस्कार मिळाला तेव्हा ती नव्वदीला टेकली होती. आणि पुण्यात जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या वास्तुरचनाकार अनुपमा कुंडू यांनी ऑरोव्हिलमध्ये भाजलेल्या मातीचे, पातळ विटांचे जे घर बांधले, त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती २०१२ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात उभी राहिली. ती उभारायला भारतातले कारागीर तिकडे गेले होते.

आपण म्हणाल, गारगोटीत हे कसे बसवायचे? मी जेवढा विचार केला तेवढा मांडते. दुरुस्ती आपण करा.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात केंद्राच्या हिशेबाने १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि किमान २५ चौरस मीटरचे घर अपेक्षित असते. घर बाईच्या नावे किंवा जोडीने नावावर व्हावे असे नियमातच आहे. म्हणजे घराची मालकी कागदावर तरी तिच्याकडे आली. याच योजनेत ग्रामीण गवंडी प्रशिक्षणही आहे, ४५ दिवसांचे, प्रत्यक्ष घरकुल बांधता बांधता शिकायचे आणि शेवटी परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचे. झारखंडमध्ये शौचालये बांधायला गवंडी पुरेनात तेव्हा बचत गटांतल्या हजारो बाया शिकून तयार झाल्या. तिथे त्यांना 'रानी मिस्त्री' म्हणतात, आणि त्यांतल्या अनेकींनी नंतर घरकुलेही बांधली. बचत गट भुदरगडमध्ये काही कमी नाहीत. आपण पंचायत समितीबरोबर बसून एक-दोन गावे निवडा, चार-पाच घरकुले निवडा, आणि तीच वर्गखोली करा.

पण त्यात मजुरी धरा. हे कळकळीने सांगते. ४५ दिवस हजेरी बुडवून शिकायला येईल अशी एकही बाई मला माहीत नाही. शिकण्याच्या दिवसांचे पैसे तिच्या हातात पडले नाहीत तर वर्ग भरेल तो कामाला न जाणाऱ्या बायांनी, आणि ज्यांच्यासाठी काढला त्या बाहेरच राहतील.

दुसरे, मुलांचे पाहा. आई स्लॅबवर गेली की आमच्या शाळेतली थोरली मुलगी त्या दिवशी हमखास गैरहजर असते. धाकट्याला सांभाळायला घरी. हजेरीपत्रकावरून मी गावात स्लॅब कधी पडला ते सांगू शकते. १९६९ साली दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांना मजूर बायांची तान्ही मुले उघड्यावर धुळीत पडलेली दिसली. त्यांनी तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था झाली आणि पुढे मुंबई-पुण्यातल्या बांधकामांवरही पोचली. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. आपल्या गावातल्या एका घराच्या कामावर चार-पाच बाया असतात, तेव्हा तो कायदा इथल्या मुलांपर्यंत कधी पोचलाच नाही. वर्गाच्या जागेला लागून एक खोली आणि एक मावशी एवढी सोय केलीत तर आमच्या थोरल्या मुली शाळेत दिसतील.

तिसरे, नोंदणी. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव लागायला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पुरुष गवंडी तो ठेकेदाराकडून किंवा ग्रामसेवकाकडून मिळवतो. बाई आज या मालकाकडे, उद्या त्या. मध्ये भातलावणी आली की शेतात. तिचे ९० दिवस भरलेले असतात, पण ते कोणाच्याच वहीत नसतात. वर्गात आलेल्या प्रत्येकीला कामाची वही ठेवायला शिकवा आणि त्यावर कामाच्या जागी सही मिळवून द्या. आपल्या संस्थेच्या शिक्क्याचा त्यासाठी उपयोग होईल.

आणि शिकवायचे काय? विटांचे आणि सिमेंटचे काम तर शिकवाच, पोटाचा प्रश्न त्यानेच सुटणार आहे. त्याबरोबर माती तपासायला शिकवा. बाटलीत माती आणि पाणी घालून हलवले, रात्रभर ठेवले की वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचे थर वेगळे बसतात. ते पाहून कुठली माती दाबून विटा करायला चालेल आणि तिच्यात किती सिमेंट मिसळावे लागेल याचा अंदाज येतो. चांगली माती असली तर पाच-आठ टक्के सिमेंटमध्ये भट्टीवाचून टिकाऊ वीट होते. घाटमाथ्याकडच्या गावांत जांभा आहे, त्याची जोती कशी बांधायची, पावसाच्या बाजूची भिंत कशी राखायची ते शिकवा. पूररेषेपासून जोते किती वर घ्यायचे ते शिकवा. लातूरच्या बायांसारखे आडवा बांध आणि लिंटेलचा पट्टा शिकवा, कारण कोयनेचा भूकंप आपणही विसरलेलो नाही. यातले निम्मे त्यांच्या आज्यांना येत होते. तुमच्याकडे त्याला मोजमाप आहे. वर्गात दोन्हींची भेट होऊ द्या, आणि डिप्लोमाच्या मुलामुलींना त्याच कामावर त्यांच्याबरोबर पाठवा. माल कालवणारी बाई पाणी कसे ओळखते ते त्या मुलांनीही पाहावे.

नमुन्याचे एक घर आपल्या आवारात बांधता आले तर फार बरे. ते बायांनीच बांधावे, मुकादमही बाईच असावी, आणि पावसाळाभर ते लोकांना येऊन पाहता यावे. गावात माणसे डोळ्यांनी पाहिलेले मानतात.

गवंडी बांधवांनाही एक सांगते, कारण हे पत्र तेही वाचतील. तुमची कामे कोणी काढून घेणार नाही. घरकुलांच्या याद्या मोठ्या आहेत आणि चांगल्या गवंड्यासाठी लोक महिनोन्‌महिने थांबतात. तुमच्या हाताखाली वीस वर्षे उभी असलेली बाई शेजारी उभी राहिली तर भिंत लवकर चढेल. त्या वर्गात शिकवायला तुमच्यातल्या जुन्या, जाणत्या माणसांनी यावे, अशी माझी विद्यापीठाला विनंती राहील, आणि त्यांना मानधनही मिळावे.

घरकुलांची कामे पावसाळा सरला की जोरात सुरू होतात. त्याआधी एक बैठक बोलवा. पंचायत समितीचे अभियंते, बचत गटांच्या अध्यक्ष, दोन-चार गवंडी आणि कामावर जाणाऱ्या बाया एवढ्यांना बोलावले तरी पुरे. मी येईन. आमच्या गल्लीतल्या तिघी-चौघी यायला तयार आहेत, त्यांना मी विचारले आहे. फक्त बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवा. त्याआधी त्या कामावरून सुटत नाहीत आणि घरी येऊन भाकरी टाकायची असते. आणि त्यांच्यापैकी एकीला आधी बोलू द्या, आम्ही सगळे नंतर बोलू.

आपली,
गारगोटीतली एक शिक्षिका